एचपी सोडा, काम बोला!

सात एकर जमीन, चारशे फुटांचा ड्राइव्ह-वे आणि गुडघाभर बर्फ. अमेरिकेतल्या एका मराठी जोडप्याच्या ट्रॅक्टर-खरेदीची ही गोष्ट. वीकेंड फार्मिंगची स्वप्नं बघणाऱ्यांनी तर जरूर वाचावी अशी.

नवी बाइक घेतली की ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती सीसी?’ लॅपटॉप घेतला की ‘रॅम किती?’ फ्लॅट घेतला की ‘कार्पेट किती?’ एका आकड्यात वस्तूची अख्खी कुंडली मांडायची ही आपली आवडती सवय. आता समजा, उद्या तुम्हाला ट्रॅक्टर घ्यायचाय. हसू नका, खरंच घ्यायचाय! शोरूममध्ये जाऊन तुम्ही काय विचाराल? ‘किती एचपी?’ बरोबर? बस्स, त्याच क्षणी सेल्समन मनातल्या मनात तुमच्यासाठी सगळ्यात महागडं मॉडेल बाजूला काढून ठेवणार.

तुम्ही म्हणाल, हिंजवडीच्या क्युबिकलमध्ये बसून आम्हाला ट्रॅक्टरचं काय पडलंय? पण आपल्याच पिढीतले कितीतरी जण सध्या गावाकडची जमीन पुन्हा कसायची भाषा करतायत. आणि जे सातासमुद्रापार गेलेत, त्यातल्या काहींनी २०२० नंतर वर्क फ्रॉम होमच्या जोरावर शहर सोडून चक्क खेड्यात घरं घेतली. माझा मावसभाऊ त्यातलाच एक. मूळचा निफाडचा, पेशाने सॉफ्टवेअरवाला. तो आणि वहिनी न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज शहरापासून पाऊण तासावर राहतात. न्यूयॉर्क म्हटल्यावर टाइम्स स्क्वेअर डोळ्यापुढे आणू नका. हा राज्याचा वरचा भाग. सफरचंदाच्या बागा, गाईंचे गोठे आणि हिवाळ्यात बर्फच बर्फ.

गेल्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मी पाच आठवडे त्यांच्याकडे होते. त्या पाच आठवड्यांत घरात चर्चेचा विषय एकच होता. कुठला ट्रॅक्टर घ्यायचा?

दहा फूट बर्फ म्हणजे काय?

सिरॅक्यूजला वर्षाकाठी सरासरी दहा फुटांच्या आसपास बर्फ पडतो. याला कारण शेजारचं ऑन्टारिओ सरोवर. कॅनडाकडून येणारा गारठलेला वारा सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून वाहतो, वाटेत बाष्प उचलतो आणि पलीकडच्या काठावर आल्यावर ते बर्फाच्या रूपात टाकून देतो. ‘लेक इफेक्ट’ म्हणतात त्याला. हाच प्रकार ईरी सरोवराकाठच्या बफेलो शहराजवळही होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ऑर्चर्ड पार्क या उपनगरात काही दिवसांत ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला होता. म्हणजे साडेसहा फूट. उभा माणूस आत गडप!

दादाचं घर रस्त्यापासून आत आहे. मधला खडीचा ड्राइव्ह-वे चारशे फूट लांब, बारा फूट रुंद. एका रात्रीत फूटभर बर्फ पडला, तर त्या पट्ट्यावर साधारण १३० घनमीटर बर्फ साचतो. अगदी भुसभुशीत, ताजा बर्फ धरला तरी तेरा टनांच्या घरात जातो. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट. आता घ्या फावडं!

पहिली दोन वर्षं त्यांनी पिकअप ट्रकला ब्लेड लावून बर्फ हटवणारा एक माणूस लावला होता. खेपेला ४५ डॉलर. माणूस भला, पण त्याची गिऱ्हाइकं चाळीस. तो त्याच्या क्रमाने येणार. इकडे वहिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, सकाळी सातची शिफ्ट. त्या हिवाळ्यात तिच्या दोन शिफ्ट चुकल्या होत्या. तिसऱ्यांदा असं झालं तर सुपरवायझरसमोर बसावं लागेल, असं तिला सांगण्यात आलं होतं. गाडी गॅरेजमध्ये, रस्ता चारशे फुटांवर आणि मधे तेरा टन पांढरं संकट. ट्रॅक्टरचा विषय निघाला तो यातून.

एक्सेल शीटमध्ये काय नव्हतं?

सॉफ्टवेअरवाल्या माणसाने जे करायचं तेच दादाने केलं. एक्सेल शीट! चौदा मॉडेल्स, अकरा कॉलम, रंगीत खुणा. जॉन डिअर, कुबोटा, न्यू हॉलंड, झालंच तर आपली महिंद्रा. हो, महिंद्रा! १९९४ पासून ही कंपनी अमेरिकेत ट्रॅक्टर विकतेय, तिकडच्या खेड्यांत तिचे लाल ट्रॅक्टर सर्रास दिसतात. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिने केपटाऊनला ‘ओजा’ ही हलक्या, छोट्या ट्रॅक्टरची मालिका जगासमोर आणली. जपानी भागीदाराबरोबर तयार केलेली, तेलंगणात झहीराबादला बनणारी.

दादाचं मन ३८ एचपीच्या, बंद केबिनवाल्या, हीटरवाल्या एका मॉडेलवर जडलं होतं. सगळ्या अवजारांसकट किंमत ४५ हजार डॉलरच्या वर. ‘बघ, अजून पाच वर्षं अपग्रेड नको,’ तो मला सांगत होता. जणू काही मोबाइलच घेतोय!

वहिनीने शीट वरपासून खालपर्यंत वाचली आणि शांतपणे विचारलं, ‘यात कामं कुठे आहेत?’

मग दोघांनी कागद घेतला आणि वर्षाचे दिवस मोजले. बर्फवाल्याचे मेसेज मोबाइलमध्ये होतेच. एका हिवाळ्यात ३८ खेपा. घराभोवतीचं दीड एकर गवत मे ते ऑक्टोबर दर आठवड्याला कापायचं, म्हणजे पंचवीसेक दिवस. पाऊण एकरात लसूण आणि भाजी, तिथे रोटाव्हेटर मारायचा, वर्षातून चार दिवस. कोंबड्यांचं खत आणि कंपोस्ट उचलून टाकणं, सहा-सात दिवस. जळाऊ लाकडं ओढून आणणं, तीन दिवस. उरलेल्या चार एकरांवर चाऱ्याचं गवत, त्याची कापणी आणि गठ्ठे बांधणं, वर्षातून दोन वेळा.

गंमत बघा. ३८ एचपीची गरज होती ती फक्त शेवटच्या कामाला. वर्षातले दोन-चार दिवस! आणि तेही काम करायला शेजारचा शेतकरी त्याचा धिप्पाड ट्रॅक्टर घेऊन आनंदाने तयार होता, निम्मा चारा घेण्याच्या बोलीवर. ज्या कामाला ३८ दिवस लागतात त्यासाठी मशीन घ्यायचं, ज्या कामाला दोन दिवस लागतात ते भाड्याने किंवा वाट्याने करून घ्यायचं. हा साधा फंडा सापडला आणि एक्सेलमधली पाच मॉडेल्स एका झटक्यात उडाली.

२५ एचपीचं गौडबंगाल

शीट बघताना मला एक मजेशीर गोष्ट दिसली. २४ पूर्णांक काहीतरी एचपीची इतकी मॉडेल्स कशी काय? शर्टाच्या किमतीसारखं ९९९ चं गणित की काय?

जवळपास तसंच! अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे डिझेल इंजिनांच्या धुराबाबतचे नियम ताकदीनुसार बदलतात. १९ किलोवॅट, म्हणजे साधारण साडेपंचवीस एचपी, ही त्यातली एक रेषा. तिच्या वरच्या इंजिनांसाठी २०१३ पासून काजळीचे नियम बरेच कडक झाले. त्यामुळे वरच्या बहुतेक मॉडेल्समध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आला. हा फिल्टर ठराविक काळाने तापवून आतली काजळी जाळावी लागते. ट्रॅक्टर रोज तासन्तास राबत असेल तर काही त्रास नाही. पण सकाळी वीस मिनिटं बर्फ काढायचा आणि बंद करायचा, असा वापर असेल तर इंजिन धड तापतच नाही, मग फिल्टरची कुरकुर सुरू. म्हणून छोट्या शेतवाल्यांची रेषेच्या खालच्या मॉडेल्सवर उडी पडते आणि कंपन्याही २४-२५ एचपीवर गर्दी करतात.

पण थांबा. एकाच एचपीच्या दोन ट्रॅक्टरांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एक असतो ‘सब-कॉम्पॅक्ट’, बुटका, साधारण साडेसहाशे-सातशे किलोचा, लॉनवर अलगद फिरणारा. दुसरा ‘कॉम्पॅक्ट’, मोठ्या चाकांचा, हजार-बाराशे किलोचा. इंजिन जवळपास तेवढंच, पण पहिल्याचा लोडर तीन-साडेतीनशे किलो उचलून दमतो, तर दुसरा पाचशेपर्यंत जातो. ट्रॅक्टरमध्ये नुसत्या इंजिनाने भागत नाही, वजन आणि चाकं लागतात.

काकांचा व्हिडिओ कॉल

निफाडला काकांची द्राक्षबाग आहे. आठ-नऊ फुटांच्या ओळींत फिरणारा छोटा ट्रॅक्टर त्यांच्याकडे कित्येक वर्षं आहे. नाशिक भागात फवारणीसाठी असे छोटे ट्रॅक्टर गल्लोगल्ली. त्यामुळे या विषयावर काकांचा सल्ला मस्टच!

‘अरे, इंजिनाची ताकद कागदावर असती,’ काका स्क्रीनवरून म्हणाले. ‘मागं ब्लोअर जोडल्यावर शाफ्टला किती मिळती, ते विचार आधी.’

शाफ्ट म्हणजे पीटीओ. ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेला फिरता दांडा, ज्याला जोडलं की रोटाव्हेटर, फवारणी यंत्र किंवा स्नोब्लोअर चालतं. २४-२५ एचपीच्या इंजिनातली या दांड्यापर्यंत साधारण १८ ते २० पोचते, बाकीची गिअर-हायड्रॉलिक्समध्ये खर्च होते. स्नोब्लोअर घेताना हाच आकडा बघायचा. ब्लोअरच्या माहितीपत्रकात पीटीओ एचपीच लिहिलेली असते.

काकांचं दुसरं मत मात्र वहिनीने नम्रपणे खोडून काढलं. काका म्हणत होते, गिअरवालाच घ्या, हायड्रोस्टॅटिक म्हणजे ताकद वाया आणि पैसाही वाया. थोडी ताकद जाते हे खरंच. निफाडच्या बागेत एका ओळीतून सरळ पुढे जायचं, तिथे गिअर उत्तम. पण बर्फ काढताना? दहा फूट पुढे, दहा फूट मागे, वळा, पुन्हा पुढे. वीस मिनिटांत शंभर वेळा दिशा बदलायची. क्लच दाबून दाबून पाय मोडतील. हायड्रोस्टॅटिकमध्ये पायाखालच्या पेडलवरच पुढे-मागे जाता येतं, वेगही तिथेच. ‘बाबा, तुमच्या बागेला रिव्हर्स लागत नाही, आमच्या अंगणाला लागतो,’ वहिनी म्हणाली. काका दिलखुलास हसले आणि पुढचा प्रश्न विचारला, ‘डीलर किती लांब आहे?’ त्याबद्दल पुढे सांगतेच.

ढकलायचा की उडवायचा?

बर्फ हटवण्याचे मुख्य मार्ग तीन. लोडरच्या बकेटने उचला, ब्लेडने ढकला किंवा स्नोब्लोअरने उडवा.

ब्लेड सगळ्यात स्वस्त आणि झटपट. पण त्याची खरी परीक्षा फेब्रुवारीत असते. ढकललेला बर्फ कडेला साठतो, गोठून दगड होतो आणि बारा फुटांचा रस्ता हळूहळू आठ फुटांचा होतो. ढकलायला जागाच उरत नाही. रस्त्यावर ढकलून मोकळं व्हावं, तर न्यूयॉर्क राज्यात आपल्या आवारातला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर टाकणं बेकायदा.

ब्लोअर बर्फ खातो आणि वीस-तीस फूट लांब शेतात फेकतो, कडेला ढीग होत नाही. पण तो महाग आणि थोडा हळू. त्यातही दोन प्रकार. मागे जोडायचा ब्लोअर स्वस्त आणि दणकट, पण चारशे फूट रिव्हर्समध्ये, मान वळवून चालवावा लागतो. पुढचा ब्लोअर समोर दिसतो, मान सरळ राहते, पण त्यासाठी ट्रॅक्टरच्या पोटाखाली वेगळा पीटीओ हवा आणि बहुतेक वेळा लोडर काढून ठेवावा लागतो. दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकणाऱ्या वहिनीची मान आधीच दुखरी. रोज पहाटे मागे वळून बघत ट्रॅक्टर चालवायचा, म्हणजे सहा महिन्यांत फिजिओथेरपी. तिने पुढच्या ब्लोअरवर बोट ठेवलं. पहाटे ट्रॅक्टरवर बसणार होती तीच, त्यामुळे तिचं मत फायनल!

खडीचा ड्राइव्ह-वे असेल तर आणखी एक खबरदारी. जमीन गोठण्याआधीच्या पहिल्या बर्फात ब्लोअर खडीही उचलतो आणि गोळीसारखी फेकतो. म्हणून त्याच्या खालच्या लोखंडी पट्ट्या अशा बांधायच्या की ब्लोअर जमिनीपासून इंचभर वर राहील आणि बर्फाचा पातळ थर खाली राहू द्यायचा. दगड अडकलाच तर गिअरबॉक्स वाचावा म्हणून ब्लोअरमध्ये मुद्दाम कच्चा ठेवलेला एक बोल्ट असतो, तो तुटतो. असे चार बोल्ट आणि पाना कायम खिशात. पहाटे पाच वाजता कुठलं दुकान उघडं असणार?

जुनं ते सोनं?

याच दरम्यान दादाच्या एका सहकाऱ्याने त्याला मोह घातला. त्याच्या आजोबांचा फोर्ड ८एन ट्रॅक्टर, १९५० च्या आसपासचा, चालू कंडिशन, फक्त अडीच हजार डॉलर. दिसायला एकदम देखणा. करडा-लाल, जुन्या सिनेमातल्या गाडीसारखा. दादा विरघळला.

या ट्रॅक्टरला इतिहासही जबरदस्त. हॅरी फर्ग्युसनने आणलेली तीन सांध्यांची हायड्रॉलिक जोडणी १९३९ मध्ये फोर्डच्या ९एन मॉडेलवर आली. आजही निफाडपासून न्यूयॉर्कपर्यंत जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरला अवजार जोडलं जातं ते याच पद्धतीने. ८एन हा त्याचाच पुढचा अवतार, १९४७ ते १९५२ मधला.

पण त्यावर चालकाच्या डोक्यामागची ती लोखंडी कमान नाही. कमान दिसायला शोभेची वाटते, पण ट्रॅक्टर उलटला तर माणूस खाली चिरडू नये म्हणून ती असते. अमेरिकेत शेतावर होणाऱ्या मृत्यूंमध्ये ट्रॅक्टर उलटणं हे प्रमुख कारण आहे. तिथल्या कंपन्यांनी १९८५ पासून नव्या ट्रॅक्टरांवर ही कमान आणि सीटबेल्ट नेमाने द्यायला सुरुवात केली. आधीच्या ट्रॅक्टरांचं काय? न्यूयॉर्क राज्याने २००६ मध्ये जुन्या ट्रॅक्टरला कमान बसवणाऱ्यांना खर्चाचा मोठा भाग परत देणारी योजना काढली. इतका हा प्रश्न गंभीर. आणि लक्षात ठेवा, कमान आणि बेल्ट ही जोडी आहे. कमान उभी आहे पण बेल्ट लावला नाही, तर उलटताना माणूस बाहेर फेकला जातो आणि नेमका कमानीखालीच सापडतो. उलट कमान झाडाच्या फांदीसाठी घडी घालून खाली पाडली असेल, तर तेवढ्यापुरता बेल्ट लावायचा नाही.

दादाच्या घरामागे उतार आहे. त्यावर बर्फ, बर्फाखाली ओलं गवत. वहिनी फक्त एवढंच म्हणाली, ‘तुला हवा तर दिवाणखान्यात ठेवायला आण.’ ८एन चा विषय तिथेच संपला.

दुसरा धोका त्याच पीटीओ शाफ्टचा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. मफलरचं टोक, जॅकेटची दोरी, सैल बाही त्यात गेली तर ‘अरे’ म्हणायच्या आत माणूस ओढला जातो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर म्हणूनच असतं. ब्लोअर तुंबला तर इंजिन बंद, किल्ली खिशात आणि मग लाकडी दांडक्याने साफ करायचा. हात घालायचा नाही, कध्धीच नाही.

शोरूममध्ये स्नो-बूट

अखेर एका शनिवारी आम्ही डीलरकडे गेलो. वहिनी काय घालून आली माहितीय? गुडघ्यापर्यंतचे स्नो-बूट आणि जाडजूड ग्लोव्ह्ज. डीलर आधी चकित, मग एकदम खूश! कारण टेस्ट ड्राइव्ह घ्यायची तर पहाटे पाचच्या वेषातच. एका मॉडेलच्या पेडलमध्ये तिचा बूट अडकत होता. दुसऱ्याचा लोडरचा दांडा ग्लोव्ह्जमधून नीट पकडता येत नव्हता. तिसरा मात्र फिट्ट. सीट पुढे घेतली की पाय पोचत होते, उतरताना कशाला अडखळायला होत नव्हतं. या गोष्टी कुठल्या एक्सेलमध्ये असतात?

टायरची निवडही तिथेच झाली. शेतीचे खोल नक्षीचे टायर चिखलात आणि बर्फात उत्तम, पण लॉन उकरतात. लॉनचे टायर गवत जपतात, पण बर्फात फिरत बसतात. मधले ‘इंडस्ट्रियल’ टायर दोन्हीकडे ठीकठाक, पण निव्वळ गोठलेल्या बर्फावर घसरतात. उपाय एकच, मागच्या चाकांना साखळ्या. आणि उतारावर फोर-व्हील ड्राइव्ह चालूच ठेवायची, कारण या ट्रॅक्टरांचे ब्रेक साधारणपणे मागच्याच चाकांना असतात. फोर-व्हील जोडलेली असली तर पुढची चाकंही धरून ठेवतात.

मग आला ईएमआय. डीलरच्या भिंतीवर मोठ्ठा बोर्ड, शून्य टक्के व्याज! दादाने हुशारीने विचारलं, ‘रोख दिले तर?’ तर किंमत बरीच खाली आली. म्हणजे शून्य टक्के म्हणजे फुकट नव्हे, रोखीची सूट सोडून दिल्याचा तो मोबदला. दोन्ही आकडे लिहून घ्या, वजाबाकी करा, मगच सही करा. आपल्याकडच्या मोबाइलच्या दुकानातसुद्धा हेच गणित आहे बरं का.

शेवटी कुठला घेतला?

२४ एचपीचा सब-कॉम्पॅक्ट. हायड्रोस्टॅटिक, पुढचा ब्लोअर, उन्हाळ्यासाठी लोडर आणि पोटाखाली गवत कापायचा डेक. सगळं मिळून २७ हजार डॉलर. केबिन नाही, हीटर नाही. त्याऐवजी वहिनीला एक झकास थर्मल सूट.

ब्रँड? आता काकांच्या त्या प्रश्नाकडे येऊ. डीलर किती लांब आहे? शेवटच्या दोन मॉडेल्समध्ये कामाच्या दृष्टीने उन्नीस-बीसचाच फरक होता. एकाचा डीलर बारा मैलांवर, दुसऱ्याचा सव्वा तासावर. महिंद्राचाही तसाच लांब. दादाला वाईट वाटलं, पण जानेवारीत हायड्रॉलिकची नळी फुटली तर देशप्रेमाने दुरुस्त होत नाही. बारा मैलवाला जिंकला. त्यांच्या जागी दुसऱ्या काऊंटीत राहणाऱ्याने दुसरा रंग घेतला असता आणि तोही बरोबरच ठरला असता. म्हणून नाव मुद्दामच सांगत नाही.

आता कडू हिशेब. बर्फवाल्याला वर्षाला ३८ गुणिले ४५, म्हणजे १७१० डॉलर जात होते. नुसत्या त्या बचतीवर २७ हजार फिटायला जवळजवळ सोळा वर्षं लागतील. डिझेल, तेल, बोल्ट वेगळेच. मग हा वेडेपणा कशासाठी? मी वहिनीला थेट विचारलं. ती म्हणाली, ‘पैसे वाचवायला नाही घेतला. सकाळी घरातून कधी निघायचं, ते दुसऱ्याच्या हातात होतं. ते माझ्या हातात आणायला घेतला.’ शिवाय गवत, लसूण, खत, लाकडं ही कामं आहेतच. पण ती नसती, नुसता बर्फच असता, तर ट्रॅक्टर घेऊ नये, असं दादाही आता प्रामाणिकपणे सांगतो.

ट्रॅक्टर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आला. चौथ्याच दिवशी अकरा इंच बर्फ. रात्री इंजिनाचा हीटर टायमरवर लावलेला. डिझेल हिवाळी मिश्रणाचं, कारण साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत तुपासारखं थिजायला लागतं आणि फिल्टर चोंदतो. पहाटे पाचला गॅरेजचं दार सताड उघडून मगच तिने स्टार्टर मारला, धूर आत कोंडू नये म्हणून. पंचेचाळीस मिनिटं लागली. सहा वाजून दहा मिनिटांनी तिची गाडी रस्त्याला लागली. काकांना व्हिडिओ पाठवला तर त्यांचं उत्तर एका ओळीत आलं, ‘ग्रीस मारलं का?’

डीलरकडे जाण्याआधी आणि गेल्यावर

* वर्षातली कामं लिहा, प्रत्येकासमोर दिवस लिहा. सगळ्यात जास्त दिवसांच्या कामासाठी ट्रॅक्टर निवडा.
* दोन-चार दिवसांची अवजड कामं भाड्याने किंवा वाट्याने करून घ्या.
* इंजिन एचपीच्या जोडीला पीटीओ एचपी, वजन आणि लोडरची उचल विचारा.
* रोज चालवणारी व्यक्ती सोबत न्या, कामाच्या कपड्यांत आणि बुटांत.
* अवजारांसकट किंमत काढा. नुसता ट्रॅक्टर म्हणजे बिनकार्डाचा मोबाइल!
* कमान आणि सीटबेल्ट नसलेला ट्रॅक्टर कितीही स्वस्त असला तरी कामाला घेऊ नका.
* डीलर किती लांब, सुटे भाग कपाटात आहेत की ‘मागवून देतो’, आणि मेकॅनिक घरी येतो का, हे विचारा.
* रोखीची किंमत आणि ईएमआयची एकूण बेरीज, दोन्ही कागदावर मागा.

ही यादी बर्फाच्या गावासाठी तयार झाली खरी, पण यातला ‘बर्फ’ खोडून ‘फवारणी’ किंवा ‘चिखलणी’ लिहा, ती निफाडला आणि भोरलाही चालेल. तेव्हा गावच्या जमिनीवर नवं काही करायच्या विचारात असाल तर शोरूमच्या आधी स्टेशनरीच्या दुकानात जा. एक वही घ्या. खर्च फार तर पन्नास रुपये!